गिऱ्हाईकाचं वजन

१२ नोव्हेंबर

छोट्या,

तुझा कुत्रा पोचला. व्हॅनवाल्याने खोकं दाराशी ठेवलं, माझी सही घेतली आणि गाडी वळवून निघूनही गेला. मी कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. म्हटलं, तू गाडीत बसून राहिला असशील, वर यायला लाजत असशील. कोणी नव्हतं.

चिठ्ठी वाचली. बदली झाली, नव्या घरात कुत्रा चालत नाही, सहा महिने सांभाळ, दर महिन्याला वजन कळव. बाबांचं नावसुद्धा नाही चिठ्ठीत. फोन केला की तू ‘हं, हं’ करतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहिते आहे. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण मला कळत नाही.

आता कुत्र्याचं. दुसऱ्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरणीकडे नेलं. दहा आठवड्यांचा आहे, वजन आठ किलो. मी विचारलं, “जास्त आहे का?” तर म्हणाली, “आकडा विचारू नका, कुत्रा बघा.” मग माझा हात धरून तिने शिकवलं. मूठ वळून तिच्या वरच्या हाडांवरून बोट फिरवायचं. बरगड्या अशा टोचत असतील तर पिल्लू उपाशी आहे. मग आपलाच पंजा सरळ करून त्याच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवायचं. अशा लागल्या तर ठीक. आणि पंजा उलटा करून तळव्यावर दाबल्यासारखं लागलं तर जास्त झालंय. वरून बघितलं की पोटाशी थोडी कंबर दिसली पाहिजे, बाजूने बघितलं की पोट आत गेलेलं दिसलं पाहिजे. वाढत्या लॅब्रेडॉरचं गुबगुबीत असणं चांगलं नसतं, म्हणाली, हाडं कोवळी असतात, भार सांध्यांवर येतो. आणि हा जातीचाच अधाशी, पोट भरलं असं तो कधीही सांगणार नाही.

बाबांनी खोकं बघितलं आणि विचारलं, “ही बला कोणाची?”

“छोट्याची,” म्हटलं.

ते आत गेले. मी स्वयंपाकघरात होते. थोड्या वेळाने बाहेर येऊन बघते तर बाबा जमिनीवर बसलेले, गळ्यात टेप. आई गेल्यावर शिवणाचं दुकान बंद केलं तेव्हापासून ती टेप मी त्यांच्या गळ्यात बघितली नव्हती. पिल्लाला दोन गुडघ्यांत धरून माप घेत होते.

“छाती एकोणीस. कंबर एकोणीस. याला कंबरच नाही. असल्या गिऱ्हाइकाची पँट शिवायची म्हणजे पट्टा खांद्यावरून घ्यावा लागेल.”

तेव्हापासून त्याचं नाव गिऱ्हाईक. तू काय नाव ठेवलं होतंस ते चिठ्ठीत नव्हतं.

ताई

८ डिसेंबर

छोट्या,

वजन चौदा. डॉक्टरीण म्हणाली, थोडं जास्त आहे, बरगड्या शोधाव्या लागतायत. खाणं मोजून द्या. मी कपाने मोजून तीन वेळा देते. सकाळी कामावर जाताना एकदा, दुपारचं बाबा देतात, संध्याकाळी परत मी. औषधांच्या दुकानात दिवसभर गोळ्या मोजायच्या आणि घरी येऊन कुत्र्याचे दाणे मोजायचे, असं माझं चाललंय.

एक चांगली बातमी. बाबांनी मशीन उघडलं. मागच्या खोलीत चादर टाकून पडलेलं होतं ते. तेल घातलं, पट्टा बदलला. संध्याकाळी मी येते तेव्हा कितीदा मशीनचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येतो. काय शिवता विचारलं तर म्हणतात, “जुनं काहीतरी नीट करतोय. हात बसून गंजले.” दाढीही वाढवली आहे. पांढरीशुभ्र, गालभर. मी हसले तर म्हणाले, “रोज कोणाला तोंड दाखवायचंय?” थंडी आहे म्हणून दोन-दोन स्वेटर घालून बसतात आणि गिऱ्हाईक त्यांच्या पायांवर झोपतो.

जेवायला मात्र माझ्याबरोबर बसत नाहीत आता. दातांमुळे हळूहळू चावावं लागतं, मला घाई असते, म्हणून ताट मागच्या खोलीत घेऊन जातात. ताट परत येतं ते अगदी चकचकीत. मला बरं वाटलं. आई गेल्यावर ते अर्धं टाकत होते, आठवतंय ना?

छातीत जळजळ होते म्हणतात, तेवढंच. दुकानातून पातळ औषध आणून देते, त्याने बरं वाटतं.

कुत्र्यामुळे घरात माणूस आल्यासारखं झालंय. हे तुला लिहायचं नव्हतं, कारण तू म्हणशील, बघ, मी काहीतरी चांगलं केलं. पण खरं आहे.

तुझ्याबद्दल ते विचारत नाहीत. परवा गिऱ्हाइकाला म्हणत होते, “तुझा मालक लहानपणी असाच, हातातलं ओढून खायचा.” मी दारात होते, मला बघितलं तसे मशीनकडे वळले.

ताई

५ जानेवारी

छोट्या,

वजन एकवीस. चुकून लिहिलेलं नाही. चार महिन्यांच्या कुत्र्याला एवढं नको होतं. मागच्या महिन्यात खाणं कमी केलं, तरी वाढलंच. वरून बघितलं तर उशीसारखा सरळ, कंबर नावाला नाही. पुढचा डावा पाय टेकताना लंगडतो. डॉक्टरीण तपासून झाल्यावर चष्मा काढून म्हणाली, “घरात अजून कोण खायला घालतं याला?”

मी म्हटलं, कोणी नाही. घरी मी आणि बाबा, आणि बाबा तर दुपारचा कपही मी भरून ठेवते तोच देतात.

“मग हा हवा खाऊन वाढतोय का?”

मला लाज वाटली. कोणीतरी घालतंय हे उघड होतं. आणि मला एकच नाव सुचलं. आपल्या समोरच्या काकू. त्यांची खिडकी आपल्या मागच्या खिडकीसमोर, मधे हातभर बोळ. दिवसभर त्या तिथे उभ्या असतात. गिऱ्हाईकही खिडकीच्या कट्ट्यावर पाय टेकवून तिकडे बघत बसतो.

रविवारी सकाळी त्याच आल्या, दार वाजवलं. माझं डोकं आधीच तापलेलं. मी दारातच म्हटलं, “काकू, माझ्या कुत्र्याला खायला घालणं बंद करा. तुमच्या प्रेमापायी त्याचे पाय जातील.”

“अगं, मी कधी घातलं?”

“मग कोण घालतं? तुमच्याशिवाय आहे कोण त्या बाजूला?”

त्या अजून काही बोलणार होत्या. मी दार लावून घेतलं. जरा जोरातच लागलं ते. बाबा आतून सगळं ऐकत होते. मला वाटलं रागावतील, काकूंना ते किती मानतात. पण नाही. मशीनवर बसून राहिले, मशीन न चालवता.

आता ती खिडकी आम्ही बंद ठेवतो. बघू पुढच्या महिन्यात उतरतं का.

तुझं वजन कसं आहे? हे असंच विचारते आहे.

ताई

२ फेब्रुवारी

छोट्या,

वजन पंचवीस. मधे सव्वीसपर्यंत गेलं होतं, म्हणजे आठवड्यात एक किलो उतरलं. लंगडणं कमी आहे. कोण खायला घालत होतं ते कळलं. काकू नव्हत्या.

बाबा ठीक आहेत. सध्या थोडी धावपळ आहे, दुकानातून रजा घेतली आहे. सविस्तर नंतर लिहीन.

ताई

१७ फेब्रुवारी

छोट्या,

मागच्या पत्रात मी लिहिलं, बाबा ठीक आहेत. ते खोटं होतं. बाबांना अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. त्यांनी मला शपथ घातली होती, तुला कळवायचं नाही म्हणून. ती मी मोडते आहे.

कसं कळलं ते सांगते. तू विचारशीलच, आणि मला ते दुसऱ्या कोणाला सांगायला नाही.

जानेवारीच्या शेवटी डॉक्टरणीने वजनाला बोलावलं होतं. माझं मनगट मुरगळलेलं, पट्टी बांधलेली, म्हणून बाबांना बरोबर घेतलं. नको नको म्हणत होते. मी म्हटलं, “एवढी तरी मदत करा.” तिथे गेलो तर कुत्र्यांचा मोठा काटा बिघडलेला. माणसांचा साधा काटा होता. डॉक्टरीण म्हणाली, कोणीतरी कुत्र्याला उचलून उभं राहा, मग त्यातून आपलं वजन वजा करू. मला उचलता येईना. बाबांनी उचललं. ओठ दाबून, गिऱ्हाइकाला छातीशी धरून चढले काट्यावर.

शहात्तर.

“आता तुम्ही एकटे उभे राहा,” ती म्हणाली.

“कशाला? हिला माहितेय माझं वजन. अडुसष्ट. वर्षानुवर्षं तेच आहे.”

मी वजाबाकी केली आणि हसले. म्हटलं, “डॉक्टर, आठ किलो! आला तेवढाच आहे की हा. तीन महिने फुकट खाल्लं.” मला खरंच वाटलं, काटा बिघडलाय. कंपाउंडरही हसला.

डॉक्टरीण हसली नाही. ती कुत्र्याकडे बघतच नव्हती. बाबांकडे बघत होती. त्यांनी कुत्रा खाली ठेवला होता आणि टेबलाची कड धरून उभे होते, श्वास लागत होता. कुत्र्याचे पाय अडकून त्यांच्या दोन्ही स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर गेल्या होत्या. मी तो हात बघितला, छोट्या. कोपराचं हाड आणि खाली दोन काड्या.

ती हळू आवाजात म्हणाली, “काका, जरा काट्यावर उभे राहता?”

“मी काय कुत्रा आहे का?” बाबा म्हणाले. गंमत केल्यासारखं म्हणाले, पण कोणी हसलं नाही.

त्यांनी काट्यावर पाय ठेवला नाही. गरजही नव्हती. कुत्रा आठ किलोचा नव्हता हे कोणालाही दिसत होतं. कंपाउंडरने त्याला उचलून वजन केलं, तो सव्वीसचा निघाला. म्हणजे बाबा पन्नास.

घरी आलो. जिना चढताना ते दोनदा थांबले. मी त्यांच्या खोलीत गेले आणि कपाट उघडलं. सगळ्या पँटी, सगळे शर्ट. प्रत्येकाची कंबर आत घेतलेली, खांदे उसवून परत बसवलेले, कॉलर लहान केलेल्या. शिवण इतकी साफ, की बाहेरून शप्पथ कळणार नाही. काही पँटी दोनदा घेतलेल्या होत्या, जुन्या टाक्यांच्या आत नवे टाके. दोन महिने मी जिन्यात मशीनचा आवाज ऐकून खूश होत होते. ते स्वतःचेच कपडे लहान करत होते, मला कळू नये म्हणून. दाढीही त्याचसाठी. गाल झाकायला.

“कधीपासून?” मी विचारलं.

“उन्हाळ्यापासून घास अडकायला लागला. आधी पाण्याबरोबर जायचा. मग तोही जाईना.”

“आणि ताट?”

गिऱ्हाईक त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसला होता, जेवणाची वेळ झाली होती ना.

“हा यायच्या आधी?”

“आधी संडासात टाकत होतो,” ते म्हणाले. “जिवावर यायचं. तू दमून केलेलं. हा आला तेव्हा वाटलं, चला, कोणाच्या तरी पोटात जातंय.”

मी ओरडले त्यांच्यावर. काय काय बोलले ते आठवत नाही. शेवटी म्हटलं, “मला का नाही सांगितलं?”

तर म्हणाले, “तुझ्या आईकडे शेवटी तुम्ही दोघं ज्या डोळ्यांनी बघत होतात ना, त्या डोळ्यांनी माझ्याकडे कोणी बघू नये असं वाटलं. तेवढंच.”

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, फोटो काढले. वाट जवळजवळ बंद आहे आणि यकृतातही गाठी आहेत. दोन महिने आधी आला असतात तर कापून काढायचा विचार तरी करता आला असता, म्हणाले. आता पोटातून नळी बसवली आहे. मी तिच्यातून पातळ दूध, सूप, औषधं देते. गिऱ्हाईक शेजारी बसून नळीकडे टक लावून बघतो. त्याला आता फक्त त्याचा कप मिळतो, म्हणून त्याचं वजन उतरतंय.

तुला का कळवलं नाही त्याचं खरं कारण लिहिते. शपथ हे निमित्त. आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात तू बाबांना म्हणालास, “ती महिनोन्‌महिने झिजत होती, तुम्हाला दिसत नव्हतं का?” आणि निघून गेलास. तीन वर्षं झाली. मला भीती वाटत होती, तू तेच मला विचारशील.

ये, छोट्या. ते बोलावणार नाहीत. मी बोलावते आहे.

ताई

११ मार्च

छोट्या,

तुझा निरोप मिळाला. एका ओळीचा. “एकाच घरात राहून तुला दिसत नव्हतं का?”

तू विचारशील असं मीच लिहिलं होतं, तरी वाचून जिन्यातच बसले.

नाही, दिसत नव्हतं. रोज संध्याकाळी मी त्या कुत्र्याच्या बरगड्या चाचपायचे, बोटाने, डोळे मिटून, डॉक्टरणीने शिकवलं तसं. बाबा शेजारच्या खुर्चीत. हात लांब केला असता तर त्यांच्या बरगड्या लागल्या असत्या. आपण बापाला हात लावत नाही, छोट्या. मोठे झाल्यावर कोण लावतं?

आणि मी तुला सगळं लिहिलं नाही. दुकानाच्या मालकांनी डिसेंबरातच मला हटकलं होतं. मी जळजळीच्या औषधाची चौथी बाटली घेत होते. म्हणाले, “कोणासाठी गं एवढी? वडिलांना एकदा दाखवून घे. या वयात गिळायला त्रास होत असेल तर बरं नाही.” मी म्हटलं, “छे, ताट स्वच्छ करतात ते.” असं ठासून म्हटलं, की ते पुन्हा बोलले नाहीत.

आता काकूंचं. तेही पूर्ण लिहिते.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे माफी मागायला गेले. नळीची पिशवी टांगायला उंच काहीतरी हवं होतं, त्यांच्याकडे कोट टांगायचा लाकडी खांब आहे, ते निमित्त. त्यांनी दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. मी म्हटलं, “त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोलले. कुत्र्याला खायला तुम्ही घालत नव्हतात. बाबाच घालत होते.”

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

मला कळेना.

“माझी खिडकी कुठे उघडते? रोज बघत होते मी. ताट घेऊन बसायचे, एक घास तोंडात घालायचे. चावायचे, चावायचे, डोळ्यांत पाणी यायचं, मग रुमालात काढायचे. आणि ताट खाली कुत्र्यापुढे. दोन आठवडे बघितलं. एकदा खिडकीतून हाक मारली, तर मला हाताने गप्प बस म्हणाले. मग राहवेना. त्या रविवारी तेच सांगायला आले होते तुला.”

छोट्या, त्या दारात आल्या तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, “अगं, तुझ्या बाबांबद्दल जरा बोलायचं होतं.” हे मी तुला लिहिलं नव्हतं. तेव्हा मला ते महत्त्वाचं वाटलं नाही. मला वाटलं, विषय बदलतायत. मी पुढे होऊन कुत्र्याचं काढलं आणि त्यांच्या तोंडावर दार आपटलं. वर खिडकीही बंद करून टाकली.

“परत का नाही आलात?” मी विचारलं.

“कोणत्या तोंडाने येणार? तू मला चोरासारखं हाकललंस. मीही माणूस आहे. म्हटलं, असेल हिचं हिला माहीत.” मग म्हणाल्या, “यायला हवं होतं. झोप लागत नाही मला.”

खांब त्यांनी स्वतः उचलून आणून दिला. रोज दुपारी येतात आता, मी भांडी घासते तेवढा वेळ बाबांशेजारी बसतात. मला एक शब्द जास्त बोलत नाहीत. ते योग्यच आहे.

बाबांना यातलं काही माहीत नाही, तुझा निरोपही नाही.

तू विचारलंस, त्याचं उत्तर हे. मला दिसत नव्हतं, आणि जिला दिसत होतं तिला मी बोलू दिलं नाही. आता तुला जे म्हणायचं ते म्हण. पण समोर येऊन म्हण. ते अजून आहेत. गाडीने यायला तुला एक दिवस लागतो.

ताई

२९ मार्च

छोट्या,

फोनवर तुला फक्त बाबा गेले एवढंच सांगता आलं. मग फोन कधी बंद झाला ते कळलं नाही. काल तुझा निरोप आला, “माझ्याशी बोलल्यावर बाबा काही म्हणाले का?” म्हणून बसून लिहिते आहे.

बाकीचं आधी. सगळं नीट पार पडलं. काकू होत्या, दुकानाचे मालक होते, जनावरांची डॉक्टरीणही आली, मागे उभी राहून गेली. बाबांची जुनी गिऱ्हाइकं आली, मला नावंही माहीत नव्हती. एक म्हातारा मला म्हणाला, तुझ्या वडिलांनी शिवलेला कोट माझ्या मुलानेही घातला. कुत्रा बरा आहे. बरगड्या हाताला नीट लागतात, लंगडत नाही. बाबा गेले त्या दिवशीही त्याने वाटी चाटूनपुसून साफ केली. मला त्याचा राग आला आणि मग त्यालाच धरून बसले, दुसरं कोण होतं.

आता तुझ्या फोनचं.

तू बुधवारी दुपारी फोन केलास. तीन वर्षांत पहिल्यांदा म्हणालास, “बाबांना दे.” त्यांना दुखण्यावरचं औषध चालू होतं, दिवसातला बराच वेळ गुंगीत असायचे. आवाज जवळजवळ गेला होता. मी त्यांच्या कानाला फोन लावला, उशीने टेकवला आणि खोलीबाहेर गेले. तुम्हा दोघांचं तुम्हा दोघांत राहू दे, म्हटलं. मी खरंच काही ऐकलं नाही. स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिले, चुकूनही ऐकू येऊ नये म्हणून.

परत आले तर फोन उशीवर पडलेला, बंद. बाबा डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते.

“कोण होतं?” त्यांनी विचारलं. त्यांच्या तोंडाशी कान नेला तेव्हा कळलं.

मी तुला खोटं लिहू शकले असते. त्यांनी तुझं नाव घेतलं, डोळे पुसले, असं. पण आता खोटं लिहायची ताकद नाही. त्यांनी तुझा आवाज ओळखला नव्हता. तू जे काही बोललास, ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

“छोट्या होता, बाबा,” मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, “काय म्हणाला?”

मी काय सांगणार? तू माफी मागितलीस का, भांडलास का, नुसता रडलास का, मला काय ठाऊक. फोन करून तुला विचारायला हवं होतं. पण ते माझ्याकडे बघत होते आणि तेवढा वेळ आहे असं मला वाटेना. मी म्हटलं, “निघालोय म्हणाला.”

तू निघालेला नव्हतास. ते मला माहीत होतं.

त्यांनी उठायचा प्रयत्न केला. मी खांदे धरून परत टेकवलं. म्हणाले, “मग दार उघडं ठेव.”

मी म्हटलं, तो आल्यावर घंटी वाजवेल की. तर मान हलवली. नाही म्हणून. हाताने दाराकडे दाखवत राहिले. मी जाऊन दार सताड उघडलं, वाऱ्याने लागू नये म्हणून खाली चपलेची पाचर दिली. त्यांच्या पलंगावरून बाहेरचा जिना दिसायचा. कुत्रा बाहेर जाऊन एक मजला उतरून परत आला. खालून कोणाच्याही पावलांचा आवाज आला की बाबा मान उचलायचे. संध्याकाळचा दूधवाला गेला, वरच्या मजल्यावरचा मुलगा कामावरून आला. दोघांनाही त्यांनी बघितलं.

काकू आल्या, म्हणाल्या, थंड वारा येतोय, लावू का? मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. तोंड दाराकडेच होतं.

तू विचारलंस म्हणून सांगितलं. तू खरं काय बोललास ते मला कधीच सांगू नकोस. निघालो म्हणालास, असंच मी धरून चालते.

ताई